दुबार पेरणी

२०२४ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. आमच्या देऊळगाव राजातल्या एका महाविद्यालयाचा कबड्डी संघ आंतरमहाविद्यालयीन सामने खेळायला निघाला होता. भाड्याच्या जीपमध्ये मुले दाटीवाटीने बसली, तरी तीनजण उरलेच. क्रीडाशिक्षक माझ्याकडे वळून संकोचाने म्हणाले, "साहेब, तुमची गाडी आहे ना रिकामी?" वास्तविक मी त्या संघाचा कोणीच नव्हतो. बँकेतून निवृत्त झालेला, कादंबऱ्या लिहिणारा, संध्याकाळी पाय मोकळे करायला मैदानाकडे जाणारा एक म्हातारा. पण जुलैपासून रोज त्या मुलांचा सराव पाहत उभा राहत असल्यामुळे मी घरचाच झालो होतो. तिघांना गाडीत घेतले आणि सकाळी सहाला आम्ही निघालो.

सामना अकराचा होता, सुरू झाला साडेबाराला. सव्वा वाजता संपला. आम्ही हरलो होतो. तेलकट पुरीभाजी खाऊन परत फिरलो आणि चारच्या सुमारास बालाजीच्या देवळाचे शिखर दिसू लागले. मागच्या सीटवरची तिन्ही मुले वाटेत एक शब्द बोलली नाहीत. गाव आले तेव्हा त्यांतला एकजण हळूच म्हणाला, "चला, झालं वर्ष."

मी दचकलो. तीनेक महिन्यांचा सराव आणि चाळीस मिनिटांचा खेळ, एवढ्यात वर्ष झाले होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या पहिल्या फेऱ्या बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीने खेळवतात. जो हरला तो बाहेर. आम्ही पहिलाच सामना हरलो, आमचा हंगाम संपला. पुढचा हंगाम पुढच्या वर्षी, आणि तोही कदाचित चाळीस मिनिटांचा.

त्या तीनेक महिन्यांत काय काय झाले ते मी पाहिले आहे, म्हणून सांगतो. १५ जुलै हा कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. त्याच आठवड्यात आमचा सराव सुरू झाला. आमच्याकडची माती काळी. दोन सरी पडल्या की मैदानाचे शेत होते. मुलांनी स्वतः घमेली उचलून मुरूम टाकला, वरून चाळलेली माती पसरली, चुन्याने रेषा आखल्या. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. पावसाने त्या रेषा किती वेळा पुसल्या आणि मुलांनी किती वेळा पुन्हा आखल्या, याची मोजदाद मी सोडून दिली. निम्मी मुले खेड्यांवरून येणारी. सराव किती वेळ चालायचा हे घड्याळ ठरवत नसे, शेवटची एसटी ठरवत असे. गाडी चुकली तर मुक्काम मित्राच्या खोलीवर आणि जेवण त्याच्या डब्यातले.

सप्टेंबरअखेरीस सोयाबीनची सोंगणी सुरू झाली आणि संघ अर्ध्यावर आला. त्यात मुलांचा दोष नाही. मजूर मिळत नाहीत, वरून पावसाची धास्ती. अशा वेळी घरचा तरणा मुलगा मैदानावर उड्या मारतो हे कोणत्या बापाला परवडेल? तरीही आमचा मुख्य चढाईपटू दिवसभर सोंगणी करून संध्याकाळी सायकलने यायचा. त्याच्या तळहातांना विळ्याने घट्टे पडले होते. क्रीडाशिक्षक त्याला म्हणत, "आज नुसता बस रे." तो बसत नसे.

आणि मग तो सामना. समोरचा संघ मोठ्या गावचा, वसतिगृह असलेल्या महाविद्यालयाचा. सामना मॅटवर होता. मातीवर अनवाणी खेळणाऱ्याला मॅट ही वेगळीच चीज असते. तिथे बूट घालावे लागतात, पाय घसरत नाही तर अडकतो, वळण घेताना घोट्याला हिसका बसतो. आमच्या चौघांनी मॅटवर पहिले पाऊल टाकले ते सामन्याच्या दिवशीच. पूर्वार्धात आमच्यावर लोण चढला. मध्यंतराला गुणफलकावर आठ विरुद्ध एकवीस. मी मनात म्हटले, आता अब्रू राखली तरी पुष्कळ झाले.

पण उत्तरार्धात काहीतरी घडले. मुलांना मॅट कळली. समोरचा उजवा कोपरा पाय पकडायला आधीच वाकतो हे आमच्या चढाईपटूच्या ध्यानात आले, आणि तो वाकला की हा हात लावून मध्यरेषेकडे पसार होऊ लागला. डाव्या बाजूच्या दोघांची साखळी जमली. त्या वीस मिनिटांत आम्ही एकोणीस गुण मिळवले, त्यांना चौदा मिळाले. एकूण सत्तावीस विरुद्ध पस्तीस. सामना आम्ही हरलो, पण उत्तरार्ध पाच गुणांनी जिंकलो होतो. म्हणजे जी गोष्ट शिकायची होती ती मुले वीस मिनिटांत शिकली होती. शिकलेले वापरायला मात्र जागा उरली नव्हती. पंचांनी शिट्टी वाजवली आणि पुढचे दोन संघ मॅटवर आले.

आठवड्याभराने त्या चढाईपटूचे वडील मला बाजार समितीत भेटले. सोयाबीन घेऊन आले होते. मुलाचा खेळ फार चांगला झाला, असे मी त्यांना सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, पेरलेलं उगवलं नाही तर आम्ही दुबार पेरणी करतो. तुमच्या या खेळात दुबार पेरणी नाही का?"

मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजा.

हा प्रश्न मला एवढा का लागला, तेही सांगायला हवे. १९७९ साली मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि महाविद्यालयाच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळत होतो. आम्हीही असेच एका सकाळी एसटीने गेलो, एक सामना खेळलो, हरलो आणि रात्रीच्या गाडीने परत आलो. पुढच्या वर्षी वडील म्हणाले, आता अभ्यासाकडे बघ. मी बघितले. पुढे बँकेच्या मुलाखतीला गेलो तेव्हा अर्जातल्या 'खेळ' या रकान्यात मोठ्या अभिमानाने 'कबड्डी, महाविद्यालयीन संघ' असे लिहिले होते. समोरच्या तिघांपैकी एका गृहस्थांनी विचारले, "किती सामने खेळलात?" मी खरे ते सांगितले, "एक." तिघेही हसले. वाईट हेतूने हसले असे मी म्हणणार नाही. नोकरी मिळाली. पण त्यानंतर आजतागायत, बँकेत, घरात, कुठेही मी कबड्डी खेळत होतो असे सांगितले नाही. आज प्रथमच लिहितो आहे.

यावर तुम्ही म्हणाल, खेळात हारजीत चालायचीच, हरलेल्याने घरी जायचे हा तर जगाचा नियम. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. हा जगाचा नियम नसून आपण केलेली सोय आहे, हे मला कळले ते फार लांब गेल्यावर.

२०२३ च्या सप्टेंबरात मी आणि पत्नी अमेरिकेत मुलाकडे होतो. तो मिशिगन राज्यात राहतो. एके दिवशी म्हणाला, "बाबा, शनिवारी तुम्हांला ॲन आर्बरला मॅच दाखवतो." ॲन आर्बर हे मिशिगन विद्यापीठाचे गाव. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आणि विद्यापीठाच्या मैदानावर एका वेळी एक लाख सात हजारांवर माणसे बसतात. गाव मोठे की मैदान मोठे, असा प्रश्न पडावा. सकाळपासून रस्ते पिवळ्या-निळ्या सदऱ्यांनी भरलेले. आजोबा-आजी, कडेवरची मुले, बँडवाले. आमच्या बालाजीच्या यात्रेत लाटांचा मंडप उभा राहताना गावात जी लगबग असते, तिचीच मला आठवण झाली. फरक इतकाच की इथे सगळे लोक विद्यार्थ्यांचा खेळ बघायला निघाले होते.

खेळ अमेरिकन फुटबॉल. नावात फुटबॉल असले तरी चेंडू बहुधा हातातच असतो. पहिला अर्धा तास मला काही उमगेना. मग मुलाने समजावले की अकरा-अकराचे दोन संघ, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू सहसा समोरच्याकडे. मी म्हटले, "अरे, म्हणजे ही चढाईच की! समोरच्याच्या हद्दीत घुसायचे, त्यांनी धरून पाडायचे." तेव्हापासून मला तो खेळ दिसू लागला. २३ सप्टेंबरचा तो सामना मिशिगनने रटगर्स या विद्यापीठाविरुद्ध एकतीस-सात असा जिंकला. भोवतालचे एक लाख लोक आनंदात होते. माझे लक्ष मात्र पराभूत संघाकडे होते. खाली मान घालून मुले बोगद्यातून आत चालली होती. मला १९७९ ची एसटी आठवली.

मी मुलाला विचारले, "आता हे रटगर्सवाले काय करणार?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "काय करणार म्हणजे? पुढच्या शनिवारी खेळणार."

तो सहज बोलून गेला, पण मी त्या वाक्यापाशी थांबलो. भारतात परतल्यावर मी त्या रटगर्सच्या हंगामाचा पाठपुरावा केला. बँकेत थकीत खात्याचा करतो तसाच. त्या मुलांचा हा चौथा सामना होता. आधीचे तिन्ही त्यांनी जिंकले होते. मिशिगनकडून हरल्यानंतरच्या शनिवारी ते आपल्या घरच्या मैदानावर खेळले आणि वॅगनर नावाच्या छोट्या महाविद्यालयाच्या संघाला बावन्न-तीन असे हरवले. पुढे कधी जिंकले, कधी हरले. नोव्हेंबरात तर ओळीने चार सामने हरले. आमच्याकडच्या हिशेबाने संघ बरखास्त करण्याची वेळ. पण त्यानंतरही त्यांना आणखी एक सामना मिळाला. २८ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये त्यांनी मायामी विद्यापीठाला एकतीस-चोवीस असे हरवले. हंगामात एकूण तेरा सामने, सात विजय, सहा पराभव. मिशिगनने त्या हंगामातले पंधराच्या पंधरा सामने जिंकून ८ जानेवारी २०२४ ला अजिंक्यपद मिळवले. त्यांचे कौतुक सगळ्या जगाने केले. मला कौतुक वाटले ते सहा वेळा हरूनही तेरा वेळा खेळायला मिळालेल्या संघाचे.

महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलचा पहिला सामना म्हणून जो इतिहासात नोंदला आहे, तो ६ नोव्हेंबर १८६९ रोजी याच रटगर्सने प्रिन्स्टनविरुद्ध सहा-चार असा जिंकला होता. आणि एका आठवड्यात परतीचा सामना प्रिन्स्टनच्या मैदानावर झाला, तो प्रिन्स्टनने जिंकला. म्हणजे परतीच्या सामन्याची रीत त्या खेळाच्या जन्मापासूनची आहे.

अमेरिकेतले सगळे सोन्याचे आहे असे मी म्हणत नाही. या खेळात १९०५ साली इतकी मुले दगावली की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून कानउघाडणी करावी लागली. पुढच्याच वर्षी नियम बदलले. डोक्याला मार बसण्याची भीती आजही आहे. पैशाचा खेळ तर विचारू नका. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीशी संबंधित सर्वांत जास्त पगाराचा माणूस राज्यपाल नसतो, तर विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक असतो. आणि ज्यांच्या घामावर हे सगळे उभे, त्या मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे काही कमवायची बंदी होती. आपल्या नावावर जाहिरातीतून पैसे मिळवण्याची मुभा त्यांना मिळाली ती १ जुलै २०२१ पासून. असली चैन आणि असला अन्याय, दोन्ही आपल्याला नकोत. त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे तो फक्त 'पुढचा शनिवार'.

आणि तो घ्यायला खरे तर अमेरिकेतही जायला नको. आपल्याच कबड्डीकडे पाहा. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पहिल्या वर्षी आठ संघ होते. बाद फेरी लागण्यापूर्वी प्रत्येक संघ चौदा सामने खेळला, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोनदा. ज्या खेळाला शहरातले लोक 'गावठी' म्हणून नाक मुरडत, तो घराघरांत पोहोचला. रोज संध्याकाळी तेच खेळाडू दिसू लागले. काल चुकलेला आज सुधारलेला दिसला, म्हणून लोक त्यात गुंतले. एकाच सामन्यात कोणाशी कसली ओळख होणार?

विदर्भाला तर हा खेळ परका नाहीच. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केले. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डीही होती. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला स्थान मिळाले आणि तेव्हापासून सलग सात वेळा भारताच्या पुरुषांनी सुवर्णपदक आणले. आठव्या वेळी, २०१८ मध्ये जकार्त्याला, इराणने आपल्याला उपांत्य फेरीत गाठले. त्याच स्पर्धेत महिलांचे सुवर्णही इराणने अंतिम सामन्यात आपल्याला हरवून नेले, आणि त्या इराणी मुलींना शिकवणाऱ्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. म्हणजे शिकवणारी माणसे आपल्याकडे आहेत, खेळ आपल्या मातीतला आहे. कमी पडते ते तालुक्याच्या गावातल्या पोराला खेळायला मिळणे.

आता जरा हिशेब करू. सवय आहे, सुटत नाही. सोळा महाविद्यालयांची बाद पद्धतीची स्पर्धा घेतली तर एकूण पंधरा सामने होतात. त्यांतले आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. चार संघ दोन सामने खेळतात, दोन संघ तीन, आणि अंतिम फेरीत जाणारे दोन संघ प्रत्येकी चार. म्हणजे जे आधीच तयार आहेत, ज्यांच्याकडे मॅट आहे, वसतिगृह आहे, त्यांना सर्वांत जास्त खेळायला मिळते. ज्यांना खेळण्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी. बँकेत आमच्यावर हाच आरोप व्हायचा, की ज्याच्याकडे तारण आहे त्यालाच तुम्ही कर्ज देता. आरोप पुष्कळसा खराही होता. पण बँकेसारख्या कोरड्या संस्थेतसुद्धा एक व्यवस्था होती. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत लागली की थकलेल्या पीककर्जाचे पुनर्गठन करता येई. हप्ते पुढे ढकलून शेतकऱ्याला पुढच्या हंगामासाठी उभे राहू देत. माझ्या सहीने अशी कितीतरी खाती पुन्हा उभी राहिलेली मी पाहिली आहेत. एका वाईट वर्षावरून माणसाची पत ठरवू नये, एवढे शहाणपण जर बँकेला सुचते, तर ते शिक्षणाच्या क्षेत्रात का सुचू नये?

माझी सूचना साधी आहे. स्पर्धा आहे तशी राहू द्या, चषक आहे तो राहू द्या. पण त्याआधी, ऑगस्टपासून, शेजारच्या पाच-सहा महाविद्यालयांनी आपापसात साखळी सामने खेळावेत. आमच्याभोवती सिंदखेड राजा आहे, चिखली आहे, मेहकर आहे, लोणार आहे. सहा संघ धरले तर प्रत्येकाशी एकदा खेळून पाच सामने होतात, दोनदा खेळून दहा. दहापैकी पाच आपल्या गावात, पाच दुसऱ्याच्या. चाळीस मिनिटांचा खेळ आणि मधली पाच मिनिटे विश्रांती. एका शनिवारच्या संध्याकाळी मुलांचाही सामना होईल आणि मुलींचाही.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला पैशाचा. शेजारच्या तालुक्याला जाऊन यायला जीपचे डिझेल लागते, बाकी काही नाही. मुक्काम नाही, खोल्या नाहीत. पाहुण्या संघाला पिठलं-भाकरी खाऊ घालायला कोणतेही गाव नाही म्हणणार नाही. दुसरा आक्षेप परीक्षांचा. सहामाही सत्रांमुळे वेळ कमी आहे हे खरे. म्हणून दहा नको, पाचच खेळा. तिसरा सोंगणीचा. म्हणून तर ऑगस्ट म्हणतो. पेरणी, कोळपणी उरकलेली असते आणि सोंगणीला अवकाश असतो. शेतकऱ्याच्या मुलांचा खेळ शेतीच्या वेळापत्रकाला धरून ठेवावा, यात कोणाचे काय जाते? चौथा आक्षेप बोलून दाखवत नाहीत, पण असतो. लोक येणार आहेत का बघायला? आमच्या भागात गणपतीत, यात्रेत खुल्या कबड्डी स्पर्धा होतात तेव्हा झाडावर चढून बघणारी माणसे मी पाहिली आहेत. माणसे आहेत. महाविद्यालयाचा सामनाच कधी गावात होत नाही, तर ती येणार कुठे?

हा गावात सामना होण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्या मुलींच्या संघात एक चांगली पकड करणारी मुलगी आहे. तीन वर्षे खेळते आहे. तिच्या आईने तिचा एकही सामना पाहिलेला नाही, कारण सामने नेहमी दुसऱ्या गावी. आईच्या दृष्टीने मुलीचा खेळ म्हणजे मळलेले कपडे, खरचटलेले कोपर आणि घरी यायला उशीर. यात आईचे काही चुकत नाही. तिला त्या खेळाचा एवढाच भाग दाखवला गेला आहे.

२०२५ च्या जुलैत सराव पुन्हा सुरू झाला. मुरूम पडला, रेषा आखल्या गेल्या. आमचा चढाईपटू आला नाही. तो अजून महाविद्यालयात होता, शेवटच्या वर्षाला. पण कॉलेज सुटले की बी-बियाण्यांच्या एका दुकानात कामाला जाऊ लागला होता. मी दुकानात जाऊन विचारले तेव्हा पोत्यावर पावती फाडत म्हणाला, "काका, सामना तर एकच राहते. त्याच्यासाठी चार महिने कोण घालवते?" त्याला काय सांगणार? मी स्वतः १९८० साली याच हिशेबाने घरी बसलो होतो.

पण या खेपेला मी गप्प बसलो नाही. क्रीडाशिक्षकांच्या मागे लागलो. त्यांनी शेजारच्या तालुक्यातल्या आपल्या एका मित्राला फोन केला, तेही क्रीडाशिक्षकच. कोणाची परवानगी, कोणता ठराव, काही लागले नाही. ऑगस्टमधल्या एका शनिवारी त्यांचा संघ आमच्याकडे आला. आमच्याच मैदानावर, आमच्याच मातीत सामना झाला. दोनेकशे माणसे जमली असतील. चहावाल्याने हातगाडी आणून लावली. मुलींचा सामना आधी झाला. त्या मुलीची आई पदर सावरत कडेला उभी होती. मुलीने पहिली पकड केली तेव्हा ती घाबरून "अगं अगं" म्हणाली. तिसऱ्या पकडीला मात्र ती शेजारणीला म्हणाली, "सोडत नाही ती. लहानपणापासून तशीच आहे."

आमचा चढाईपटूही आला होता. मालकाकडून दोन तासांची सुट्टी काढून आला आणि पँट वर दुमडून उभा राहिला. क्रीडाशिक्षकांनी काही न बोलता त्याच्या हातात सदरा दिला. त्याचे वडील मैदानाच्या पलीकडे, बाभळीखाली बसले होते. मी मुद्दामच तिकडे गेलो नाही.

मुलांचा सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. शिट्टी वाजली. मला वाटले, आता पुन्हा ती गाडीतली शांतता. पण मुलांनी समोरच्यांशी हात मिळवले, रांजणातले पाणी तोंडावर मारले आणि पाहुण्यांच्या कर्णधारालाच गाठून विचारले, "मग, आम्ही तुमच्याकडे कधी यायचं?"

तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी या."